तीन ठिपक्यांचा बंपर

आपली बायको आम्रपाली गेल्याचं राजारामला कळलं ते मंगळवारी दुपारी पावणेतीनला. त्याआधी तीन वेळा फोन वाजला होता आणि तिन्ही वेळा त्यानं तो कापला होता. स्क्रीनवर 'वीरधवल सातारा' असं नाव येत होतं आणि कामाच्या वेळी त्या माणसाशी बोलायची राजारामची तयारी नव्हती. चौथ्यांदा वाजला तेव्हा त्यानं ग्राइंडर बंद केला, फोन कानाला लावला आणि म्हणाला, "बोल रं. आता काय मोडलं तुझ्या खेळण्याचं?"

वीरधवल म्हणाला, "काका, काकी वारल्या. कराडच्या दवाखान्यात हाय मी. या तुमी."

राजारामनं शेडचं शटर ओढलं. कुलूप लावायचं राहिलं, ते शेजारच्या शेडवाल्या नानासोनं लावलं. कुपवाडहून कराडला पोचेपर्यंत पाच वाजले. आम्रपालीचा धाकटा भाऊ प्रशांत इस्लामपूरला राहायचा, तो आधीच पोचला होता. डॉक्टरांनी सांगितलं की उन्हाचा ताण बसला आणि हृदय थांबलं. अकरापासून दीडपर्यंत त्या उंब्रजच्या माळावर उघड्यावर बसून होत्या, असं आणणाऱ्यांनी सांगितलं होतं. आणणारा वीरधवलच होता. स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर झोपवून त्यानं तिला आणलं होतं. तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता.

राजाराम त्याच्यासमोर गेला. "उन्हात का बसवलंस तिला?"

"मी बसवलं न्हाई," वीरधवल खाली बघत म्हणाला.

"मग आपल्या हौसेनं बसली व्हय ती?"

त्यावर वीरधवल काही बोलला नाही. त्याचं न बोलणं हीच कबुली, असं राजारामनं त्या क्षणी ठरवून टाकलं.

राजारामचा धंदा गार्ड करायचा. कारखान्यातल्या यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर, साखळीवर, कपलिंगवर जे लोखंडी झाकण असतं ते. माणसाचा हात आत जाऊ नये, बाहेरचं काही आत पडू नये, एवढ्यासाठी ते असतं. बत्तीस वर्षं तो हेच करत होता. त्याच्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गार्डच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, सेंटर पंचनं मारलेले तीन ठिपके असायचे. नावाची पाटी तो लावत नसे. ठिपके पुरे, म्हणायचा. ज्याला कळायचं त्याला कळतं.

वीरधवलचं साताऱ्याला हायवेकडेला टायरचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी तो कॉम्प्रेसरच्या पट्ट्याचा गार्ड करून घ्यायला कुपवाडला आला, तेव्हा त्याच्या गाडीत एक हातभर लांबीचा ट्रक होता. रिमोटवर पळणारा, मोठ्या चाकांचा, बॅटरीवरचा. पुढचा बंपर दोन तुकडे झाला होता. त्यानं तो राजारामपुढं धरला. राजारामनं ट्रककडं बघितलं, मग वीरधवलकडं बघितलं. "मिशा फुटल्या की तुला," तो म्हणाला. "आमी खेळणी दुरुस्त करत न्हाई."

शेडच्या पुढच्या भागात आम्रपाली बसायची. गार्डांना रंग मारणं, बोल्ट मोजून पुड्या बांधणं ही तिची कामं. ती म्हणाली, "बघू हिकडं."

पाण्याचा एक निळा प्लास्टिकचा ड्रम बुडाला फुटला होता. तिनं त्याचा तुकडा कापला, पुठ्ठ्याच्या फर्म्यावरनं आकार काढला, गरम हवेच्या गननं तापवून लाकडाच्या ठोकळ्यावर वाकवला आणि भोकं पाडून बसवला. पंधरा दिवसांनी वीरधवलचा फोन आला. ट्रक तीन वेळा दगडावर आपटला होता आणि बंपरवर नुसते ओरखडे होते. त्याच्या सोबतच्या पोरांना तसलेच पाहिजे होते. उंब्रजच्या माळावर दर रविवारी हे लोक ट्रकच्या शर्यतीला जमायचे. हळूहळू ती बंपरबरोबर पोटाखालची पट्टीही करायला लागली, मग चाकांच्या मागचे चिखलाचे पडदे. पार्सलं सातारा, कराड, कोल्हापूरला जायची. तयार झालेला प्रत्येक तुकडा ती माळ्यावर चढून खाली फरशीवर टाकून बघायची. धपधप झाली की राजाराम खालून ओरडायचा, "घर पडतंय का बाहुलीचं चिलखत?"

"चिलखतच हाय," ती वरून म्हणायची. "तुमचं गंजतंय, माझं गंजत न्हाई."

त्याला तिचं एकच पटत नव्हतं. तो तुकडा हातात घेऊन दाबायचा आणि तो वाकायचा.

"ह्याला गार्ड म्हणत्यात व्हय? माझा गार्ड असा वाकला तर माणसाची बोटं जातील."

"आवं, तुमचा गार्ड जमिनीत बोल्टानं आवळलेला असतोय. ही गाडी उडती, पडती. मार बसला तर तो कुठंतरी जाणारच की. ह्यानं खाल्ला तर आत जात न्हाई."

"मार खाणारं लावायचं म्हणजे कमीपणा हाय."

"मग खावा तुमी कमीपणा," असं म्हणून ती पुढच्या तुकड्याला लागायची.

एप्रिलच्या सुरुवातीला नानासो चहाला आला होता. बसल्या बसल्या म्हणाला, "काय राजाराम, सातारची पोरं आली ती वहिनींचं शेड कुठं म्हणून विचारत होती. तुझं नाव घेतलं तर म्हणली, वळखत न्हाई. तू आता वहिनीकडं कामाला लाग गड्या."

आम्रपाली हसली. नानासोही हसला. राजारामनं चहा तसाच ठेवला.

त्या रविवारी त्यानं एका चेन गार्डातून उरलेली चार एमएमची ॲल्युमिनियमची शीट घेतली. वीरधवलच्या नव्या ट्रकसाठी आम्रपालीनं काढलेला फर्मा बाकावर पडला होता. त्याच्यावरून त्यानं शीट कापली, बेंडिंग मशीनवर वाकवली, कडा कानशीनं घासल्या, भोकं पाडली. दिवसभर लागला. काम देखणं झालं होतं, यात वाद नव्हता. आतल्या बाजूला खालच्या कोपऱ्यात त्यानं तीन ठिपके मारले आणि तो बंपर तिच्या पुढ्यात ठेवला.

"मंगळवारी नवा ट्रक पळवून बघाय उंब्रजला जाणार न्हवं तू? हा लाव. आणि विचारलं कुणी तर सांग कुणी केलाय."

तिनं तो उलटापालटा करून बघितला. "देखणा झालाय. पण वाकायची जागाच ठेवली न्हाई तुमी."

"लावायचा तर लाव. न्हाईतर टाक भंगारात. आमी काय, नुसते जाळ्या ठोकणारे."

मग सोमवारभर तो तिच्याशी बोलला नाही. मंगळवारी सकाळी तो उठला तेव्हा ती पहिल्या गाडीनं निघून गेली होती. चहाचं पातेलं झाकलेलं होतं.

बंपर बाकावर नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं ते माती झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी. तिची बॅग उंब्रजहून परत आलेली नव्हती. गन, स्क्रू सोडायची एलन की, वही, सगळं तिच्यातच. बंपरही तिथंच असणार. दाखवायला नेला असेल, लावला नसेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दोन वर्षं निळा ड्रम कापणारी बाई असला बंपर लावेल कशाला? त्यानं हे बऱ्याच वेळा स्वतःला सांगितलं.

सातव्या दिवशी विहारात जलदान विधी झाला. भंतेजींनी वंदना घेतली, पाण्याची धार झाली, मग एकेकानं उठून आम्रपालीबद्दल दोन शब्द बोलायचे होते. राजाराम उठला. तो म्हणाला, "माझी बायको काय आजारानं गेली न्हाई. सातारचा एक टायरवाला हाय. त्याच्या खेळण्यापायी त्यानं तिला अडीच तास उन्हात बसवलं. वयाची बाई हाय हे त्याला दिसलं न्हाई. त्यानं मारली तिला."

वीरधवल सगळ्यात मागं, दाराजवळ, चपला हातात घेऊन उभा होता. राजारामनं त्याला बघितलं होतं. बघूनच तो बोलला होता. माना वळल्या. आम्रपालीची आई, साळूबाई, ऐंशीच्या घरातली म्हातारी, बसल्या जागेवरून वीरधवलला शिव्या द्यायला लागली. वीरधवल न जेवता गेला.

बॅगेसाठी राजारामनं तीन वेळा फोन केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा वीरधवल म्हणाला, "बॅग हाय. नीट ठेवलीय. कुणाकडं देणार न्हाई. तुमी स्वतः या."

"पार्सल करायला हात मोडलेत?"

"व्हय, मोडलेत. या तुमी."

प्रशांत म्हणाला, "दाजी, मी येतो. त्याच्या तोंडून मला एकदा ऐकायचंय."

राजाराम एसटीनं इस्लामपूरला गेला आणि तिथून प्रशांतच्या मोटारसायकलवर मागं बसून साताऱ्याला. वाटेत उंब्रज लागलं. प्रशांतनं मान वळवली नाही, राजारामनंही नाही.

दुकानात एक गाडी जॅकवर चढवलेली होती. कॉम्प्रेसर धडधडत होता. त्याच्यावर पिवळा गार्ड होता, राजारामनं केलेला. वीरधवलनं त्यांना बघितलं, कॉम्प्रेसर बंद केला आणि हात पुसत पुढं आला.

"बॅग दे," राजाराम म्हणाला.

"बसा तरी."

"बसाय आलो न्हाई."

"मग उभं ऱ्हावा." त्यानं हात पुसून झाल्यावरही फडका सोडला नाही. "सातव्या दिवशी जे बोलला ते माझ्या तोंडावर बोलायचं हुतं काका. मी दाराशीच हुतो."

"तुला ऐकू जावं म्हणूनच बोललो."

"ऐकलं. माझ्या गाडीत नेलं मी त्यास्नी. तेवीस मिनटात कराड गाठलं. तुमाला चार फोन केले, तीन कापले तुमी. ते न्हाई सांगितलं तिथं."

राजाराम एक पाऊल पुढं सरकला. प्रशांत मधे आला. "ते ऱ्हाऊ द्या. आक्का उन्हात कशासाठी बसली हुती, एवढं सांगा. मग आमी जातो."

वीरधवल आत गेला. आला तो ट्रक घेऊन आला आणि टायर बदलायच्या टेबलावर ठेवला. ट्रकची पुढची दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला लोळलेली होती, पाय मोडलेल्या कुत्र्यासारखी. पुढं ॲल्युमिनियमचा बंपर होता. त्याच्यावर एक रेघ होती. बाकी काहीही झालं नव्हतं.

"बंपर बघा," वीरधवल म्हणाला. "ठणठणीत. आता त्याच्या मागं बघा. चाकं धरणारे दोन्ही आर्म गेले. गिअरबॉक्सची पेटी मधून फुटली. शॉकअपचा दांडा वाकला. पहिल्याच दगडाला. मी तुमाला विचारतो काका, लोखंडाचं टायर का करत न्हाईत लोक? मजबूत हुईल की. पंक्चर न्हाई, काय न्हाई."

राजारामनं बंपरवरच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"काकीनं आणला. मी म्हणलं, आपला निळा कुठाय? तर म्हणल्या, ह्यो एकदा लावून बघू. मी म्हणलं जड हाय. म्हणल्या, बघू तर. लावला. मोडला." वीरधवलनं फडका टेबलावर टाकला. "मग मी बोललो त्यास्नी. लय बोललो. सात-आठ पोरं हुती, त्यांच्या देखत. रविवारची स्पर्धा घालवली माझी म्हणलं. घरात बसून कायबी ठोकता आणि आणता म्हणलं. त्या म्हणल्या, माझं चुकलं, आत्ता दुरुस्त करते, निळाबी करून देते. खाली बसल्या आणि खोलायला लागल्या. थोड्या वेळानं मी म्हणलं, काकी ऱ्हाऊ द्या, झाडाखाली तरी चला. न्हाई उठल्या. हे झालं की उठते म्हणल्या. असं दोन-तीनदा झालं. हे असं हाय. मी बसवलं न्हाई. पण मी बोललो."

"बोललास न्हवं?" राजारामला तेवढी एक जागा सापडली. "सख्ख्या आईच्या वयाच्या बाईला पोरांसमोर बोललास."

"बोललो. ते माझं माझ्यापाशी हाय. मला झोप न्हाई. तुमी सांगायची गरज न्हाई."

प्रशांत ट्रकवर वाकला होता. "पण आक्का असलं करायची न्हाई," तो म्हणाला. "ॲल्युमिनियम हातात धरायची न्हाई ती. ह्यो आणला कुठनं तिनं?"

वीरधवलनं खिशातून एलन की काढली. बंपरचे चार स्क्रू त्यानं सावकाश सोडले. बंपर उलटा केला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग कॉम्प्रेसरकडं गेला, पिवळ्या गार्डच्या आत, त्याच कोपऱ्यात, बोट ठेवलं.

प्रशांतनं हे बघितलं, ते बघितलं.

"दाजी?"

राजारामच्या मनात आलं की म्हणावं, तिनं शेडमधनं न विचारता नेला. म्हणता आलं असतं. सांगणारी आता नव्हती.

"मी केलाय त्यो," तो म्हणाला. "लाव म्हणून मीच सांगितलं."

"आणि तिनं सांगितलं न्हाई ह्यांना?"

"न्हाई," वीरधवल म्हणाला. "मी एवढा बोलत हुतो, तरी नाव घेतलं न्हाई. माझं चुकलं म्हणल्या, नुसतं. ठिपके मला नंतर दिसले. जलदानाच्या दुसऱ्या दिवशी खोलाय घेतला तवा, मग तसाच परत लावून ठेवला. तवाच फोन करणार हुतो. मग म्हणलं, कशाला? येऊ द्या त्यांनाच."

दुकानाबाहेरून एक ट्रक गेला आणि जॅकवरची गाडी जराशी हलली. प्रशांतनं चेहऱ्यावरून हात फिरवला. त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळं राजारामला तो जास्त लागला.

"माझ्या आईनं ह्या माणसाला सगळ्या समाजासमोर शिव्या दिल्या. तुमच्या एका शब्दावर. तुमाला माहीत हुतं का न्हाई, बंपर बॅगेत गेलाय?"

"लावला असंल असं वाटलं न्हाई."

"माहीत हुतं का न्हाई?"

"हुतं."

"फोन काढा. आईला लावा. आत्ता, हितं, ह्याच्यासमोर सांगा."

राजारामनं फोन काढला. साळूबाईचं नाव स्क्रीनवर आणलं. अंगठा तसाच वर राहिला. "घरी जाऊन करतो," तो म्हणाला.

"दोन वर्षं तिच्या कामाला बाहुलीचं चिलखत म्हणला तुमी," प्रशांत म्हणाला. "आमच्या घरी येऊनसुद्धा म्हणला. ती हसायची. मला वाटायचं, तिला चालतंय." त्यानं किल्ली बोटात फिरवली. "एसटीनं या." मोटारसायकल सुरू झाली आणि हायवेला लागली.

वीरधवलनं बॅग आणून टेबलावर ठेवली. त्यात वरून तो बंपर घातला आणि चेन ओढली. ट्रक मात्र त्यानं आपल्याकडं ओढून घेतला.

"दुरुस्तीला दे," राजाराम म्हणाला. "करून देतो."

"तुमच्या हातात न्हाई देणार."

"तिनं कबूल केलं हुतं तुला. निळा करून देते म्हणून."

"तिनं केलं हुतं. तुमी न्हाई." वीरधवलनं कॉम्प्रेसर सुरू केला. त्या आवाजात पुढचं बोलणं शक्य नव्हतं आणि त्यासाठीच त्यानं तो सुरू केला होता.

राजाराम सांगलीच्या एसटीत बसला. बॅग मांडीवर होती. बंपरची कड कापडातून त्याच्या मांडीला टोचत राहिली, पण त्यानं बॅग खाली ठेवली नाही.

शेडमध्ये आल्यावर त्यानं बॅग बाकावर उपडी केली. गन, एलन कीचा जुडगा, पाण्याची रिकामी बाटली, वही. वहीत मधेच दुमडलेला मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा होता. आम्रपाली फर्मा नेहमी अर्धाच काढायची. पुठ्ठा मधोमध दुमडून अर्धा आकार कापला की उघडल्यावर दोन्ही बाजू सारख्या येतात. ह्या पुठ्ठ्यावर घडीच्या एका बाजूला बॉलपेननं अर्धा बंपर काढलेला होता. दोन भोकांच्या खुणा होत्या. बाजूला लिहिलं होतं: 'पुढचा. निळा. दगड इथं लागतो.' आणि एक बाण. तिसऱ्या भोकाची खूण अर्धी होती. पुठ्ठ्याच्या कडेला लाल माती होती, उंब्रजच्या माळावरची. म्हणजे ट्रक खोलता खोलता तिनं नवीन काढायला घेतला होता.

त्यानं निळ्या ड्रमचा उरलेला भाग कोपऱ्यातून ओढला. कापता त्याला आला असता. बत्तीस वर्षं तो कापतच होता. पण प्लास्टिक किती तापवायचं, कधी थांबायचं, वाकायला जागा कुठं सोडायची, हे त्यानं दोन वर्षांत एकदाही तिच्याजवळ बसून बघितलं नव्हतं. एक तुकडा त्यानं तापवून बघितला. तो फुगला आणि काळा पडला. नानासो दारात येऊन उभा राहिला. "काय करतोस रं?" म्हणाला. राजाराम म्हणाला, "काय न्हाई. जा तू."

ॲल्युमिनियमचा बंपर त्यानं भंगारात टाकला नाही. व्हाईसमध्ये धरून हातोडीनं वाकवायला गेला. चार एमएमची शीट, त्याचंच काम. तो वाकला नाही, व्हाईस हलला.

प्रशांत अजून फोन उचलत नाही. वीरधवलनं राजारामचा नंबर ब्लॉक केला आहे, त्याचा फोन तिकडं लागतच नाही. दसरा होऊन गेला. त्या दिवशी विहारात बरीच माणसं भेटली, जलदानाला आलेली. दोघातिघांनी विचारलंही, त्या सातारवाल्याचं पुढं काय केलं म्हणून. राजारामनं मान हलवली आणि विषय बदलला.

साळूबाईला फोन करायचा राहिला आहे. विहारात उठून, जे बोललो ते खोटं होतं, हे सांगायचं राहिलं आहे. पुठ्ठा बाकावर आहे, घडी तशीच आहे, आणि पुढचा बंपर अजून कापलेला नाही.